तिकिटाच्या खिडकीमागचा श्रोता

१

पावसाळ्यात मांडवीच्या बंदरावर आगबोट लागत नसे. मृगाआधीची शेवटची बोट मुंबईला गेली की नारळी पौर्णिमा उलटून पहिली बोट येईपर्यंत कंपनीचं तिकीटघर बंद. एजंटसाहेब आतल्या खोलीला कुलूप घालत, कुलपावर लाखेची मोहर मारत आणि किल्ली घेऊन मुंबईला आपल्या बिऱ्हाडी जात. बाहेरची उतारूंची खोली तेवढी सदू हळदणकरच्या ताब्यात असे. सदू हा कंपनीचा इथला कारकून. भिंतीची ओल, कौलांची गळती आणि बाकांची वाळवी यांवर त्याने लक्ष ठेवायचं, असा हुकूम होता.

सदूने ओलीवर लक्ष ठेवलं नाही. त्याने तिथं नाट्यमंडळ काढलं.

ही गोष्ट एकोणीसशे एकतीस सालची. मंडळात माणसं तीन: स्वतः सदू, खालच्या आळीतला शिंपी केरू नागवेकर, आणि पोस्टात टपाल लावणारा महिपत शिवलकर. तिघेही नाटकं लिहीत. ती कुणी रंगभूमीवर आणली नव्हती आणि आणील अशी भीतीही नव्हती. दर रविवारी, गाव जेवून आडवं झालं की हे तिघे छत्र्या घेऊन बंदरावर जात, आणि एकाने वाचायचं, दोघांनी ऐकायचं.

मंडळाचा नियम एकच होता. वाचून झाल्यावर चांगलं तेवढंच बोलायचं. आदल्या वर्षी हा नियम नव्हता, तेव्हा केरूने सदूला सांगितलं होतं की तुझी नायिका मरायला फार वेळ लावते. त्यावर दोघे चार महिने बोलत नव्हते आणि सदूचा एका बाहीचा सदरा केरूच्या दुकानात तसाच खुंटीला लटकत राहिला होता.

चांगलं बोलण्यात महिपतचा हात कुणी धरू शकत नसे. काहीही वाचा, तो डोळे मिटून क्षणभर गप्प राही आणि मग म्हणे, “शेवटच्या वाक्यानंतर जी शांतता आहे ना, ती फार मोठी आहे.” ऐकणारा आठवडाभर त्या शांततेवर जगे. महिपत इतकं मनापासून देई, कारण त्याला तितकंच परत हवं असे. ते मात्र मिळत नसे. त्याची पाच-पाच प्रवेशांची नाटुकली ऐकून दोघेही एकच म्हणत: “भाषा भारदस्त आहे, महिपत.” भाषा भारदस्त आहे, हे तो पहिल्या वर्षापासून ऐकत होता.

२

आषाढातल्या एका रविवारी केरूने नवी नाट्यछटा आणली. नाट्यछटेत बोलणारा एकच. समोरचा काय म्हणाला ते आपण त्याच्या उत्तरावरून समजायचं. केरूची छटा एका शिंप्याची होती. तो एका लठ्ठ रावसाहेबांचं माप घेतो आहे.

केरू उभा राहिला. त्याच्यासमोर भिंतीत तिकिटाची खिडकी होती, हातभर रुंद. तिची लाकडी झडप खाली ओढलेली. वाचणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून वाचायचं अशी वहिवाट पडली होती, कारण दुसऱ्या बाजूला बघितलं की गळणाऱ्या कौलाखालची बादली दिसे.

“हात वर करा, रावसाहेब. वर. हं. आता कंबर… कंबर कुठं आहे आपली? काय म्हणालात?” केरू थांबला. छटेत असं थांबावंच लागतं. “नाही नाही, पोट दिसलं मला. मी कंबर विचारतोय.”

त्या थांबण्यात कुणीतरी हसलं.

हसू लहान होतं, नाकातल्या नाकात. महिपतला वाटलं सदू हसला. सदूला वाटलं महिपत. केरूला दोघेही हसल्यासारखे वाटले आणि तो असा काही फुलला की शेवटची अर्धी छटा त्याने मापाची फीत गळ्यात नसतानाही फीत ओढून ओढून दाखवत वाचली.

वाचून झाल्यावर महिपत म्हणाला, “विनोदाला करुणेची किनार आहे.” मग सदूकडे वळून म्हणाला, “पण कंबरेच्या जागी तू हसायला नको होतंस. तिथं आतून हसायचं होतं.”

“मी कुठं हसलो? तू हसलास.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तिघांनीही झडपेकडे बघितलं. बादलीत पाणी टपटपत होतं.

“उंदीर,” महिपत म्हणाला.

“उंदीर हसतो?” केरूने विचारलं. त्याच्या आवाजात भीतीपेक्षा काळजी जास्त होती. उंदीर हसला असेल तर ती दाद धरायची की नाही, हे त्याला ठरवता येईना.

३

महिपत पोस्टातला माणूस. मोहर कशाला म्हणतात ते त्याला कळत होतं. त्याने दाराशी जाऊन कुलूप बघितलं. लाख शाबूत, कडेला चीर नाही, कंपनीचा शिक्का जसाच्या तसा. आतल्या खोलीला दुसरं दार नव्हतं. मागे गज लावलेला हातभर झरोका होता आणि त्यापलीकडे थेट समुद्र.

“वारा झरोक्यातून शिरतो,” त्याने दोघांना समजावलं, “आणि झडपेच्या फटीतून बाहेर येताना त्याचा असा आवाज होतो.”

पुढच्या रविवारी सदूची पाळी होती. त्याची छटा बंदरावर निरोप द्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याची. मुलगा आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात बसलेला आहे आणि म्हातारा काठावरून काय काय सांगतो आहे: वाळवलेले बांगडे वरच ठेव, गिरणगावात पोचलास की मावशीकडे जा, पत्र घाल. सदू वाचायचा बरं. मधे एके ठिकाणी म्हातारा विसरतो की आपल्याला काय सांगायचं होतं. सदू थांबला, कपाळावर हात ठेवला.

“मग?”

झडपेच्या आतून, स्वच्छ. बाईचा आवाज की पुरुषाचा ते सांगता आलं नसतं. नीट कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा आवाज होता. पुढे काय झालं ते त्याला खरोखर हवं होतं.

तिघे कसे बाहेर पडले ते तिघांनाही नंतर आठवेना. छत्र्या आत राहिल्या, केरूची एक वहाण आत राहिली. मिरकरवाड्याच्या रस्त्याला एका मच्छीवालीच्या पडवीत जाऊन ते उभे राहिले तेव्हा तिघांचीही धोतरं पायाला चिकटली होती. मच्छीवाली आतून म्हणाली, “काय झाला गो बाई ह्यांना, कुत्रा मागे लागला काय?”

धोतर पिळत सदू म्हणाला, “पण ‘मग’ म्हणाला ना?”

“म्हणाला,” महिपत दात वाजवत म्हणाला.

“नेमक्या जागी म्हणाला. म्हातारा विसरतो तिथं.” सदूच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्यामागून दुसरंच काहीतरी वर येत होतं. “माझी दोन पानं राहिलीत अजून.”

“मेल्या, भूत आहे ते!”

“असेल,” सदू म्हणाला. “पण रसिक आहे.”

आणि तो परत निघाला. केरू वहाणेचं निमित्त करून त्याच्यामागे गेला. महिपत थोडा वेळ पडवीत थांबला. मग त्याला वाटलं, आपण नसताना हे दोघे वाचतील आणि तो ऐकेल. तोही गेला.

४

त्यानंतरचे रविवार केरू आणि सदूचे होते. दोघे एकमेकांशी चढाओढ लावून छटा लिहू लागले. आतून हसू येई, ‘हं’ येई, एकदा तर केरूच्या छटेतल्या गाऱ्हाण्यावर चुकचुकल्याचा आवाज आला. महिपतच्या ‘करुणेची किनार’ला आता कुणी विचारीना. तो बोलायला तोंड उघडी तेव्हा ते दोघे झडपेकडे कान देऊन बसलेले असत.

शेवटी महिपतने आपलं सगळ्यात मोठं नाटुकलं काढलं. राजा, प्रधान, विषाचा पेला. त्याने ते उभ्याने, घाम येईपर्यंत वाचलं. विषाच्या पेल्यापाशी तो मुद्दाम थांबला. पावसाचा आवाज. बादलीचा आवाज. आणि मग आतून एक लांबलचक, सावकाश, शेवटी जबडा मोडल्यासारखी जांभई.

घरी येऊन तो जेवला नाही. बायको राही चुलीपाशी बसली होती. तिला त्याने सगळं सांगितलं. अजूनपर्यंत सांगितलं नव्हतं.

राहीने फुंकणी खाली ठेवली. “अवो, बंद खोलीत कोणीतरी बसलाय, आणि तुम्हांला दुःख कसलं? तर त्याने जांभई दिली?”

“विषाच्या पेल्याला दिली, राही.”

“मी पण देते. माझा नाय कधी राग आला तुम्हांला.”

“तुझी गोष्ट वेगळी. त्याला कळतं.”

राहीने चुलीवरचा भात उतरवला. “त्या खोलीत जाऊ नका,” ती म्हणाली. “मी सांगते म्हणून नका जाऊ. मला नाय बरं वाटत ते.” आणि थोड्या वेळाने, भात वाढताना म्हणाली, “आणि राजे-बिजे कशाला लिहिता? आपण बोलतो तसं लिहा की. जेवताना बोलतो तसं.”

तिने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी महिपतने दुसरी ऐकली.

५

श्रावण लागला तेव्हा महिपत सदरा शिवायला टाकायच्या निमित्ताने केरूच्या दुकानात गेला. एक गिऱ्हाईक कोटाचं माप देत उभं होतं. एक शब्द बोलत नव्हतं. केरू त्याच्या खांद्याला फीत लावून म्हणाला, “बरं. काय म्हणालात?” आणि मान कलती करून थांबला. “होय का? चालेल. तशी करू.” पुन्हा थांबला. “नाही, त्याला वेळ लागेल.”

गिऱ्हाईक महिपतकडे बघून हळूच म्हणालं, “मी कायच नाय बोललो हो.”

“केरू,” महिपतने हाक मारली.

केरूने वर बघितलं. ओळखीचं हसला. “ये ये. नाही, आज नको. काय म्हणतोस? बरं, मग पुढच्या वेळी,” आणि पुन्हा मापाला लागला. महिपतने तोंड उघडलं नव्हतं. कोट आठ दिवसांनी तयार झाला. तो कुणाच्या मापाचा होता ते गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाह्या गुडघ्यापर्यंत येत होत्या आणि शिवण मात्र सुरेख होती.

सदूकडे गेला तर तिथंही तेच. सदूची आई राईसारखी तडतडत होती. “चार दिस झाले, मी म्हणते जेव, हा म्हणतो छे छे, तुम्ही बसा. मी म्हणते भिंत गळते, हा म्हणतो फार छान. कोणाशी बोलतो हा?”

महिपत पायरीवर बसला. हे ठीक चाललेलं नाही, हे त्याला कळत होतं. दोघांनाही हात धरून गणपतीपुळ्याला न्यावं, चार दिवस देवळात बसवावं, असंही मनात आलं. मग त्याच्या मनात आलं की नारळी पौर्णिमेला आता दहाच दिवस राहिले. एजंटसाहेब येतील, मोहर फोडतील, खोली उघडतील. आणि आपल्याला अजून एकदाही ‘मग?’ मिळालेलं नाही.

त्याला स्वतःची लाज वाटली. पण घरी जाऊन त्याने दौत पुढे ओढलीच.

६

छटा चार दिवसांत झाली. नवरा जेवायला बसला आहे, बायको वाढते आहे, तो तिच्याशी बोलतो आहे, एवढंच. राजा नाही, पेला नाही. लिहिताना महिपतला पहिल्यांदाच वाटलं की हे आपल्याच तोंडून निघतंय.

रविवारी तो बंदरावर गेला तेव्हा पाऊस तिरका येत होता. केरू आणि सदू बाकावर आधीच बसले होते, झडपेकडे तोंड करून. त्यांचे ओठ हलत होते. महिपतने हाक मारली नाही. तो पुढे झाला, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि वाचायला लागला.

“आज आमटीला काय घातलंस? नाही, चांगली झालीय. विचारलं नुसतं…”

“मग?”

महिपतच्या अंगावर काटा आला. तो भीतीचा नव्हता. बाविसाव्या वर्षापासून तो या एका शब्दाची वाट बघत होता. तो पुढे वाचू लागला. प्रत्येक थांब्याला आतून येत होतं, “मग? मग?” आणि दर वेळी जरा जवळून. मधेच लाकूड घासल्याचा आवाज झाला. झडप चार बोटं वर गेली.

आत काळोख होता. पण खिडकीच्या फळीवर, उजेड पडत होता तेवढ्या जागेत, बोटं दिसत होती. खूप दिवस पाण्यात राहिल्यासारखी पांढरी. त्या बोटांत कागद होते. तिकिटं असतील, असं महिपतला वाटलं. एक कागद हळूच उलटला गेला.

“अवो!” मागून कुणीतरी हाक मारत होतं. बराच वेळ मारत असावं. “अवो, ऐकताय ना? केरूभाऊ! सदूभाऊ!”

महिपतला ऐकू येत होतं, पण ते लांबच्या घरात चाललेल्या बोलण्यासारखं. त्याला मान वळवावीशी वाटेना. आता शेवटचा थांबा येणार होता आणि आतला आवाज अगदी खिडकीशी आला होता.

मग मागची बाई थांबली. दम घेतला. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “शी! काय पण लिहिलंय!”

तिघेही गर्रकन वळले.

दारात राही उभी होती, निथळत. “मधेच ती बाई रडते कशाला एवढी?” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती बोलतच राहिली. “चुलीवर भात उतू जातोय, तो आधी उतरवील का रडत बसेल? कोणी भात शिजवलाय काय कधी जन्मात? खोटं आहे सगळं.”

“कोण म्हणतं खोटं?” केरू बाकावरून उठला होता, लालबुंद. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने कुणाच्या तरी बोलण्याला उत्तर दिलं होतं.

“वहिनी, त्या रडण्यामागे कारण आहे,” सदू म्हणाला. “तुम्ही सुरुवातीपासून ऐकलं नाहीत.”

“तुम्ही दोघे का बोलताय? माझी आहे छटा!” महिपत ओरडला.

मागे झडप धाडकन खाली पडली. मग मात्र कुणी थांबलं नाही. चौघेही भर पावसात रस्त्याला लागले आणि खालच्या आळीपर्यंत ती बाई रडावी की रडू नये यावर तिघे नाटककार एकमेकांचं नरडं धरायच्या बेताने भांडत गेले. राही पुढे चालत होती. तिने पदरात काहीतरी घट्ट धरलं होतं आणि ती एकदाही मागे बघत नव्हती.

७

नारळी पौर्णिमेनंतर एजंटसाहेब आले. मोहर फोडताना महिपत मुद्दाम जाऊन उभा राहिला. आत एक टेबल, तिकिटांचं कपाट, एक स्टूल. सगळ्यावर बुरशी धरली होती. स्टूल खिडकीला अगदी खेटून होतं आणि त्याच्यावर मात्र बुरशी नव्हती. साहेबांना ते दिसलं नाही. ते भिंतीची ओल बघून सदूवर ओरडत होते. सदू मुकाट ऐकत होता आणि नेमक्या जागी “होय साहेब” म्हणत होता. ते ऐकून महिपतला बरं वाटलं. पुढे सदूने जयगडला बदली मागून घेतली. केरूने लिहिणं सोडलं आणि तो कोट उसवून पुन्हा शिवून दिला.

महिपतचं मात्र त्या छटेत मन अडकलं होतं. एका दुपारी राही अंगणात कोकमं उन्हात घालत होती. तो कोटाचे खिसे उलटेपालटे करत बाहेर आला.

“माझे कागद कुठं गेले गो? ते रडण्याचं वाईच सुधारीन म्हणतो. तू म्हणालीस त्यात तथ्य होतं.”

राही उठली, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून चार कागद घेऊन आली. कोरडे, नीट घडी घातलेले.

“माझ्यापाशी आहेत. त्या रविवारी तुम्ही घरीच विसरून गेलात. ते द्यायलाच तर मी आले होते भिजत.”

महिपतने कागद उघडले. अक्षर त्याचंच होतं. आमटी होती, जेवण होतं. उतू जाणारा भात नव्हता. रडणारी बाई कुठंच नव्हती. त्याने दोनदा बघितलं.

“पण मग मी वाचत काय होतो?”

राहीने हातातलं कोकम सुपात टाकलं. “तुम्ही कुठं वाचत होतात?” ती हळू म्हणाली. “तुम्ही तिघे बाकावर बसला होतात. तिघेही ‘मग? मग?’ करत होतात, ल्हान पोरांसारखे. वाचत आतला होता.”

अंगणात ऊन स्वच्छ पडलं होतं. समोरून गोदूबाई कोळीण पाटी घेऊन हाक देत गेली. महिपत ओट्यावर बसला. त्याला विचारायचं होतं त्या गोष्टी पुष्कळ होत्या; त्यांतली जी तोंडातून निघाली ती ऐकून त्याची त्यालाच दरदरून भीती वाटली.

“बरं वाचत होता काय गो?”

राहीने नुसती मान डोलावली.

“माझ्यापेक्षा?”

राही सूप उचलून घरात गेली.